शब्दांनी बांधलेली गावं



अंबरनाथला इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आधी शिवमंदिर येतं. साहजिक आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला लेख, वालधुनीच्या काठचं ते भूमिज शैलीचं देऊळ. त्यावर आम्ही पूर्वी बोललो आहोत आणि पुन्हाही बोलू. आज विषय वेगळा आहे. आयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा आम्ही सांगितलं, "हातात मावणाऱ्या लिनक्सच्या यंत्रावर खेळायचे, नुसत्या अक्षरांचे, अनेकांनी मिळून खेळायचे खेळ." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, पण इतिहासच ना?" हो, इतिहासच. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्याच पट्ट्यात येऊन पोचणारा.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला कसा, ते आधी सांगायला हवं.

२०११ चा पावसाळा. आम्ही निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. एशियाटिकमध्ये काही जुनं वाचायचं म्हणून बदलापूरहून दुपारची गाडी धरली होती. उल्हासनगरला एक तरुण चढला, आम्हाला बघून वाकला. बारावीला आमच्याकडे तर्कशास्त्र शिकलेला, कॅम्प तीनमधला, सिंधी घरातला मुलगा. आता मुंबईत संगणकाचं काम करत होता, त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती. चार शब्द बोलून झाले आणि त्याने खिशातून फोन काढला, वरचा भाग सरकवला, खालून तीन ओळींचा कीबोर्ड बाहेर आला. नोकियाचा एन-९००. २००९ च्या अखेरीस बाजारात आलेला, साडेतीन इंचांच्या पडद्याचा. आत मेमो नावाची लिनक्सची प्रणाली. म्हणजे दिसायला फोन, आतून संगणक.

आम्ही डोकावलो. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं खालून वर सरकत होती. चित्र एकही नाही. आम्हाला वाटलं ऑफिसचं काम करतोय. तो म्हणाला, "नाही सर, खेळतोय." त्याने इंग्रजी 'ई' हे एक अक्षर दाबलं, म्हणजे ईस्ट, पूर्वेला जा. पडद्यावर चार ओळी उमटल्या. तुम्ही एका दगडी पुलावर आहात, खाली पाणी आहे, अमुक नावाचा माणूस इथे बसला आहे, उत्तरेला आणि पूर्वेला वाट आहे. आणि तो बसलेला माणूस खरा होता. कुठल्या तरी दुसऱ्या देशात, दुसऱ्या खोलीत, तोही असाच अक्षरांकडे बघत बसला होता. त्याने आमच्या विद्यार्थ्याला विचारलं, पाऊस आहे का? याने उत्तर दिलं, आहे, आणि गाडी विठ्ठलवाडीला थांबली आहे.

हा खेळ कुठून आला?

१९७५-७६ च्या सुमाराला अमेरिकेत विल क्राउदर नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक खेळ लिहिला. त्याला गुहांमध्ये उतरायचा नाद होता. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचे नकाशे करण्यात त्याचा हात होता. ती पाहिलेली गुहा त्याने शब्दांत उतरवली: इथे उभे आहात, इकडे भोक आहे, तिकडे वाट आहे. पुढे डॉन वुड्सने त्यात भर घातली. हा एकट्याने खेळायचा खेळ. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी त्याच्यापुढचं पाऊल टाकलं. एकाच शब्दांच्या जगात एकाच वेळी अनेक माणसं असतील, ती एकमेकांना भेटतील, बोलतील, भांडतील. नाव ठेवलं मल्टि-यूझर डंजन, थोडक्यात मड. विद्यापीठाचं मोठं यंत्र रात्री मोकळं असे, तेव्हा बाहेरची माणसंही टेलिफोनच्या तारेवरून त्यात शिरत.

यात एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. या खेळाच्या मुळाशी कल्पना नव्हती, प्रत्यक्ष पायाखालून गेलेली जागा होती. राक्षस, जादू, तलवारी हे सगळं तिच्याभोवती रचलेलं. आधी होती ती एका माणसाने पाहिलेली गुहा, दुसऱ्याला न दाखवता सांगितलेली. हे लक्षात असू द्या, कारण आपल्याला परत इथेच यायचं आहे.

लिनक्सचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. १९८७ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या विद्यापीठात ॲलन कॉक्स आणि त्याच्या मित्रांनी ॲबरमड लिहिला. हाच ॲलन कॉक्स पुढे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या पहिल्या फळीतला माणूस झाला, विशेषतः यंत्रं एकमेकांशी बोलतात त्या भागावर. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली ती १९९१ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे बघा, लिनक्सच्या आधी मड आहे, आणि लिनक्सला माणसांत आणणाऱ्यांपैकी एक जण मडच्या अंगणातून आलेला आहे. १९८९ मध्ये कार्नेगी मेलनच्या जेम्स ॲस्पन्सने टायनीमड केला. त्यात मारामारी जवळपास काढूनच टाकली आणि खेळणाऱ्यालाच नवी खोली बांधायची मुभा दिली. 'डिग' अशी आज्ञा, म्हणजे खण. खणलं की खोली तयार. मग तिचं वर्णन लिहायचं, दारं उघडायची.

आता आपल्याकडे येऊ. १९८६ पासून अर्नेट या प्रकल्पातून आपल्या मोजक्या शिक्षणसंस्था जोडल्या जाऊ लागल्या. मुंबईत पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्यात चित्रं दिसणारं खातं महाग, आणि विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं ते 'शेल' खातं, ज्यात नुसती अक्षरं. गरिबाच्या वाट्याला मजकूर आला, आणि मजकुरात मड होता. कित्येक मुलांनी परदेशातल्या माणसाशी पहिलं बोलणं केलं ते अशा काळ्या पडद्यावर.

पण 'मुंबईत' मिळालं, असं आम्ही म्हणालो. आपला पट्टा मुंबईत आहे का? गाडीच्या हिशेबाने आहे. टेलिफोनच्या हिशेबाने नाही. मुंबई ०२२, आपण ०२५१. उल्हासनगर सीएसएमटीपासून ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. रोज लाखो माणसं हे अंतर कापतात, पण टेलिफोनच्या तारेला मात्र आपण बाहेरगावचे. मुंबईचा नंबर फिरवायचा तर आधी कोड लावायचा, आणि बिल आलं की घरात वडिलांचा आवाज चढायचा. हा आमच्या घरातला अनुभव आहे, अधिक बोलत नाही.

हातातल्या लिनक्सच्या यंत्राचीही एक भारतीय कथा आहे, आणि ती आपण विसरत चाललो आहोत. २००१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर या कंपनीतल्या लोकांनी मिळून सिम्प्युटर जगापुढे ठेवला. तळहातावर मावणारं यंत्र, आत लिनक्स, लेखणीसारख्या काडीने चालवायचं. कल्पना अशी की गावात एकच यंत्र असेल आणि प्रत्येकाकडे आपापलं स्मार्टकार्ड. कार्ड घातलं की यंत्र तुमचं, काढलं की पुढच्याचं. ते भारतीय भाषांत वाचूनही दाखवणार होतं. स्टीव्ह जॉब्सचा आयफोन यायला तेव्हा सहा वर्षं होती. २००४ मध्ये 'अमिडा' नावाने तो विक्रीला आला, सरकारी मालकीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवला, साधा नमुना दहा हजार रुपयांच्या आत. आणि चालला नाही. फारच थोडा खपला. त्याच काळात मोबाइल फोन स्वस्त झाले आणि लोकांनी बोलणं पसंत केलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाने बाजाराबद्दल मत देऊ नये, पण आम्हाला वाटतं, जे यंत्र 'गरिबांसाठी' म्हणून विकलं जातं ते गरीब माणूस विकत घेत नाही. त्याला इतरांकडे आहे तेच हवं असतं.

म्हणून आपल्या मुलांच्या हातात आला तो परदेशी फोन, बहुतेक वेळा दुसऱ्या हाताचा. उल्हासनगरच्या बाजारात काय मिळत नाही? तिथे यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. विनोदाच्या मागे एक खरं कौशल्य आहे: वस्तू उघडून बघायची, आतलं समजून घ्यायचं, नाही मिळालं तर बनवायचं. लिनक्सवाल्या माणसाचा स्वभाव यापेक्षा वेगळा नसतो.

गाडीत मजकुराचाच खेळ का चालतो, हेही त्या मुलाने आम्हाला समजावलं. एका खोलीचं वर्णन म्हणजे चार-पाचशे अक्षरं. एक बऱ्यापैकी छायाचित्र त्याच्या हजारपट जागा घेतं. अंबरनाथ सोडलं की मध्येच नेटवर्क जायचं. चित्रांचा खेळ तिथेच मरतो. याने युक्ती केली होती. घरी कॅम्प तीनमध्ये एक जुना संगणक कायम चालू, त्याच्यावर 'स्क्रीन' नावाचा कार्यक्रम, आणि खेळाशी बोलत राहायचा तो घरचा संगणक. हातातलं यंत्र म्हणजे त्या घराची नुसती खिडकी. तार तुटली तर खिडकी बंद होते, घर जागेवर असतं. पुन्हा नेटवर्क आलं की खिडकी उघडायची, आपण त्याच पुलावर उभे, तो माणूस अजून तिथेच बसलेला. सकाळच्या गर्दीत एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो हे करायचा. बसायला हवं असेल तर अंबरनाथ-बदलापूरचे लोक करतात तसं उलटं जाऊन यायचं, आणि तेवढाच जास्त वेळ खेळायला मिळायचा.

भजनी डब्याची आठवण येते की नाही? आठ दोनच्या गाडीला तिसऱ्या डब्यात जमणारी माणसं. एकमेकांचं आडनाव ठाऊक नसतं, घर पाहिलेलं नसतं, पण एक जण चार दिवस दिसला नाही तर काळजी वाटते. मडमधली माणसं एकमेकांना तशी ओळखतात.

इथवर हा खेळाचा इतिहास झाला. इथवरच असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता.

त्या दुपारी दादर यायच्या आत त्याने आम्हाला दुसरी एक गोष्ट दाखवली. फोनमध्येच एक छोटा मड चालू होता, टायनीमडच्या घराण्यातला. लिनक्स असल्यामुळे हे जमतं. एरवीचा फोन दुसऱ्याच्या घरी पाहुणा होऊ शकतो, हा स्वतः यजमान होऊ शकतो. त्या मडमध्ये खेळ नव्हता. राक्षस नाही, तलवार नाही. त्यात होतं सिंधमधलं शिकारपूर. त्याच्या आजोबांचं शिकारपूर, १९४७ च्या आधीचं.

शिकारपूर हे व्यापाऱ्यांचं गाव. तिथल्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालत. वेशींचं गाव, त्यातली लखी दर ही वेस सर्वांत नावाजलेली. आणि तिथला ढक बाजार, वरून झाकलेला, उन्हाळ्यात सावलीतून चालायचा. आजोबा सतरा वर्षांचे असताना ते सोडून आले. मुंबईला उतरले आणि कल्याण कॅम्पात पोचले.

कल्याण कॅम्प म्हणजे काय ते इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको, पण हे दूरून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना तात्पुरतं ठेवण्यासाठी कल्याणजवळ उभारलेल्या छावण्या. फाळणीनंतर लाखाच्या आसपास निर्वासित, बहुतेक सिंधी, तिथे आणले गेले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं नाव झालं उल्हासनगर, उल्हास नदीवरून. पण नाव बदललं तरी पत्ते छावणीचेच राहिले. कॅम्प एक ते पाच, सेक्शन अमुक, बॅरॅक नंबर तमुक. ज्यांच्या गावात वेशींना नावं होती त्यांच्या वाट्याला आकडे आले. टायनीमडमध्ये प्रत्येक खोलीला आकडा असतो. शून्य क्रमांकाची खोली आधीपासून बांधलेली असते आणि तिचं नाव असतं लिंबो, म्हणजे ना इथे ना तिथे अशी जागा. त्या मुलाने आम्हाला सांगितलं की शून्य क्रमांकाला त्याने नाव दिलंय 'कॅम्प'. तो हसत सांगत होता. आम्हाला हसता आलं नाही.

आजोबा रोज संध्याकाळी बोलायचे आणि हा लिहून घ्यायचा. ऑफिसला जाता-येता गाडीत त्या छोट्या कीबोर्डवर एकेक खोली खणायचा. इथे त्याला पहिली अडचण आली, आणि ती तत्त्वज्ञानातली अडचण आहे. मडला दिशा लागते: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. आजोबांना दिशा सांगता येईनात. ते म्हणायचे, वेशीतून आत शिरलास की हलवायाचं दुकान उजव्या हाताला. पूर्वेला की उत्तरेला? "अरे, बाजार वरून झाकलेला आहे. आत सूर्य कुठे दिसतो मला?"

कांटने १७८६ मध्ये एक छोटा निबंध लिहिला आहे, विचारात दिशा सापडणं म्हणजे काय या प्रश्नावर. त्यात तो म्हणतो की ओळखीच्या खोलीत अंधार असला तरी एका वस्तूला हात लागला की मला वाट सापडते, कारण डावं-उजवं हा भेद मला माझ्या शरीरातून कळतो. खोली कुणी गंमत म्हणून उलटी मांडली तर वस्तूंचं एकमेकांशी नातं तेच राहील, तरी मी चुकेन. आम्ही पस्तीस वर्षं हा निबंध शिकवला. आजोबांचं ते एक वाक्य ऐकलं आणि वाटलं, वर्गात आम्ही नुसती घोकंपट्टी करत होतो. गाव नकाशात नसतं. उजव्या हाताला असतं.

मुलाने तोडगा काढला. टायनीमडमध्ये दाराला काहीही नाव देता येतं. त्याने दिशा काढून टाकल्या आणि दारांना नावं दिली 'हलवायाकडून', 'विहिरीला वळसा घालून', 'मामाच्या घरामागून'.

मित्रहो, हे मराठीला नवीन नाही. सातशे वर्षांपूर्वी हे आपल्याकडे झालेलं आहे. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर त्यांच्या अनुयायांनी स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागा हिंडून पाहिल्या आणि त्यांची वर्णनं करून ठेवली. त्या ग्रंथाला स्थानपोथी म्हणतात. चौदाव्या शतकातला, मुनिव्यासांच्या नावावरचा. पैठण असो की ऋद्धिपूर, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, चौक कुठे, दार कुठे, स्वामींचं आसन कुठे, भोजन कुठे. कथा नाही, उपदेश नाही. नुसत्या जागा, एकीपासून दुसरीकडे नेणाऱ्या. यादवकालीन देवळं शोधणारे अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. ज्याचं प्रत्यक्ष दर्शन आता होणार नाही त्याची जागा तरी हरवू नये, ही त्यामागची ओढ. आमच्या मते मडच्या पूर्वजांची यादी कुणी केली तर स्थानपोथीला तिच्यात जागा हवी. इंग्रजी इतिहासांत ती नसणारच. पण आपण तरी सांगायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण लिपीची, आणि तिथे आम्हाला राग येतो. हे शिकारपूर लिहिलं गेलं कोणत्या अक्षरांत? रोमन. सिंधी भाषा, इंग्रजी अक्षरं. आम्ही त्याला विचारलं, "अरे, देवनागरीत का नाही?" तो म्हणाला, "सर, दिसतच नाही." काळ्या पडद्याची रचना चौकटींची असते. एक अक्षर, एक चौकट. रोमनला ते सोयीचं. आपलं 'क्षि' घ्या: दोन व्यंजनं, एक वेलांटी; यंत्राच्या साठ्यात वेलांटी शेवटी असते आणि पडद्यावर आधी दिसायला हवी. चौकटींचं गणित कोसळतं, अक्षरं एकमेकांवर चढतात. त्यात जुन्या मडच्या प्रोग्रामांना साठच्या दशकातली सात बिटांची रोमन अक्षरंच कळतात, बाकीचं ते गाळून टाकतात. हे सुटण्यासारखं नव्हतं असं नाही. जिस्ट तंत्राने ऐंशीच्या दशकातच संगणकाच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या होत्या. १९९१ मध्ये इस्की हे आपलं प्रमाण झालं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. पाया आपला होता. पण या काळ्या पडद्याकडे, या फुकटच्या शब्दांच्या जगाकडे आपल्या कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण त्यात पैसा नव्हता आणि प्रतिष्ठाही नव्हती. मराठीत असा एखादा मड भरभराटीला आल्याचं आमच्या पाहण्यात नाही. ज्या भाषेने स्थानपोथी लिहिली तिची ही गत.

सिंधीचं तर दुखणं दुहेरी. १९६७ मध्ये ती आठव्या परिशिष्टात आली, पण लिहायची कशात, अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांच्या लिपीत की देवनागरीत, हा वाद उल्हासनगरच्या घराघरांत होता. आजोबांना फक्त जुनी लिपी वाचता यायची. नातवाला ती येत नव्हती. नातवाने ज्यात लिहिलं ते रोमन आजोबांना येत नव्हतं. म्हणजे आजोबांनी सांगितलेलं गाव आजोबांनाच वाचता येत नव्हतं. मग रात्री जेवणानंतर हा ते यंत्र हातात धरून मोठ्याने वाचायचा, "तुम्ही लखी दरच्या आत उभे आहात," आणि विचारायचा, "कुठे जायचं?" आजोबा डोळे मिटून सांगायचे, विहिरीला वळसा घालून. हा टाइप करायचा आणि पुढची जागा वाचायचा. ऐंशी ओलांडलेले आजोबा असे रोज तासभर चालायचे.

एकदा ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, "आता परत चल." आणि यंत्राने सांगितलं, त्या बाजूला वाट नाही. कारण टायनीमडच्या घराण्यात दार एकतर्फी असतं. जायचं दार केलं म्हणजे यायचं होत नाही, ते वेगळं उघडावं लागतं, आणि हा विसरला होता. त्याने आम्हाला हे चूक म्हणून सांगितलं. रातोरात बसून सगळी परतीची दारं उघडली म्हणाला.

आम्ही पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, बॅरॅकच्या जागीच वर चढवलेलं. आजोबांनी आमच्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, आम्ही हिंदीत. त्या दिवशी कॅम्प पाचमध्ये राहणारी त्यांची मोठी बहीणही आली होती. वाचन सुरू झालं. घराच्या दारापाशी आलो. यंत्रात लिहिलं होतं, वर जायला अकरा पायऱ्या. बहीण म्हणाली, नऊ. आजोबा म्हणाले, अकरा, मी रोज मोजत चढायचो. ती म्हणाली, मी रोज सारवायची, मला विचार. आवाज चढले. चौसष्ट वर्षांपूर्वी सोडलेल्या जिन्यावरून दोन म्हातारी माणसं भांडत होती आणि नातू अंगठे कीबोर्डवर ठेवून बसला होता.

इतिहासाच्या माणसाने इथे काय करावं? दोन साक्षी जुळत नाहीत. पुस्तकात आपण एक आकडा घेतो, दुसरा तळटीपेत टाकतो, किंवा दोन्ही सोडून 'पायऱ्या होत्या' इतकंच लिहितो. आम्ही स्वतः तेच केलं असतं. नातवाने वेगळं केलं. या मडमध्ये कोण बघतोय ते तपासून वर्णन बदलता येतं. आजोबा आले तर अकरा, आजी आली तर नऊ. आम्ही त्याला म्हणालो, "हा इतिहास नाही, ही मर्जी राखणं झालं." तो म्हणाला, "सर, आणि तिसरा कुणी आला तर?" आम्ही म्हणालो, "तेच विचारतोय." त्याने दाखवलं. तिसऱ्याला दिसतं: दोघं भांडताहेत, पायऱ्या मोजून घ्या. या उत्तराशी आम्ही अजूनही पूर्ण सहमत नाही. मोजायला जायचं कुठे? पण आमच्याकडे याहून बरं उत्तरही नाही.

शब्दांच्या जगाचं आयुष्य फार लहान असतं, हेही सांगितलं पाहिजे. एसेक्सचा तो पहिला मड पुढे कॉम्प्युसर्व्हवर 'ब्रिटिश लेजंड्स' नावाने चालला आणि १९९९ मध्ये तिथला बंद झाला. यंत्र बंद करणाऱ्याला कळतही नाही की आपण गाव पुसतोय. देवळाचा दगड हजार वर्षं टिकला. आपल्याकडे विम्को नाका म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो, काड्यापेटीसाठी तिकडे जाणारा कुणी नसला तरी. नावाने जागा धरून ठेवली. ज्या जागांना नावंच नव्हती, बॅरॅकमधला सामाईक नळ, शिधापत्रिकेची रांग, बदलापुरातली पहिल्या मजल्याची जुनी घरं, ती कुणी धरली?

आता तर असं यंत्र शोधावं लागत नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि टर्मक्ससारखं ॲप घेतलं की तो काळा पडदा तिथेही उघडतो. आज देवनागरी बरीच सावरली आहे, चौकटींचा घोळ अजून पुरता गेलेला नाही. कुणाला हे करायचं असेल तर भाषणानंतर भेटा. तो विद्यार्थी आज इथे आलेला आहे, नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही.

आजोबा २०१४ मध्ये गेले. आजी त्यानंतर दोन वर्षांनी. तो फोन आता चालू होत नाही, पण खोल्यांची फाइल त्याने तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहे. एकूण १३७ खोल्या. परवा त्याने आम्हाला ती वाचायला दिली. त्यातल्या बावीस खोल्यांना दारं आहेत, आकडा आहे, आणि वर्णनाच्या जागी एकच शब्द आहे: विचारायचंय.